म्हातारपणी स्नायूंची झीज आणि अशक्तपणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि बरीच वर्षं घरोघरी जाऊन ज्येष्ठांकडून व्यायाम करून घेते. "पायात त्राणच उरलं नाही", "हातातून भांडं सुटतं", "खाली बसले की उठवत नाही" ही वाक्यं मी रोज ऐकते. आणि त्यापाठोपाठ घरातलं कुणीतरी म्हणतं, "वय झालं, चालायचंच." या शेवटच्या वाक्याशी माझं भांडण आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या विषयावर भरपूर संशोधन झालं आहे, पण त्यातलं फारच थोडं आपल्या घरांपर्यंत पोचलं आहे. लोक मला जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

सार्कोपेनिया म्हणजे नेमकं काय?

वय वाढेल तसं स्नायूंचं प्रमाण आणि त्यांची ताकद कमी होणं. कमी होणं सगळ्यांच्याच बाबतीत घडतं. पण एका मर्यादेपलीकडे गेलं की जिना चढणं, संडासातून उठणं, रस्ता ओलांडणं अवघड होतं, माणूस पडतो, आणि तिथून तो आजार धरला जातो.

शब्द तसा नवा आहे. अमेरिकेतले पोषणतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८८ साली न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की इथल्या एका बैठकीत तो सुचवला. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. त्यांचं म्हणणं असं होतं की वयानुसार शरीरात जे काही घटतं त्यात स्नायूंइतकी मोठी घट दुसरी नाही, तरी तिला नावसुद्धा नाही. नाव नसेल तर कोणी लक्ष देणार नाही. त्यांचा अंदाज बरोबर ठरला. नाव मिळाल्यावर संशोधन वाढलं, आणि २०१६ साली अमेरिकेच्या आजारांच्या अधिकृत यादीत सार्कोपेनियाला स्वतःचा क्रमांक मिळाला.

स्नायूंच्या आत नक्की काय बिघडतं?

स्वीडनमध्ये १५ ते ८३ वयोगटातल्या, आधी निरोगी असलेल्या ४३ पुरुषांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मांडीचा एक अख्खा स्नायू कापून त्यातले तंतू मोजले गेले. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की विशीपासून ऐंशीपर्यंत त्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी घटतं. तंतू बारीक तर होतातच, पण मुळात त्यांची संख्याच कमी होते.

संख्या का कमी होते हे समजायला गावातल्या विजेच्या खांबांकडे बघा. मज्जारज्जूतून निघणारी एकेक चेतापेशी म्हणजे एकेक खांब, आणि प्रत्येक खांबावरून बऱ्याच तंतूंना वीज जाते. साठीनंतर काही खांब कोसळतात. शेजारचा खांब त्यातल्या काही घरांना आपल्यावरून जोडणी देतो, पण सगळ्यांना देऊ शकत नाही. ज्या तंतूंना जोडणी मिळत नाही ते वाळून जातात. ज्यांना मिळते त्यांचा कारभार नव्या खांबाच्या गतीने चालतो, आणि ती बहुधा संथ असते.

सगळ्यात जास्त फटका बसतो तो जलद तंतूंना. ठेच लागल्यावर पटकन पाऊल पुढे टाकून स्वतःला सावरायचं काम त्यांचं. म्हणूनच सत्तरीतला माणूस सकाळी तासभर आरामात चालतो, आणि त्याच दिवशी उंबऱ्याला अडखळून पडतो.

याशिवाय स्नायूंची दुरुस्ती करणाऱ्या पेशी मंदावतात, शरीरात हलकासा दाह सतत राहतो, हार्मोन्स उतरतात, आणि खाल्लेल्या प्रथिनांना स्नायू पूर्वीसारखी दाद देत नाहीत. हा शेवटचा मुद्दा जेवणाच्या प्रश्नात पुन्हा येईल.

बाबांचं वजन दहा वर्षं तेवढंच आहे. मग स्नायू झिजले असं कसं म्हणता?

वजनकाटा स्नायू आणि चरबी वेगवेगळं दाखवत नाही. मांडीतला स्नायू कमी झाला आणि पोटावर तेवढीच चरबी चढली, तर आकडा हलत नाही. अशा लोकांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, कारण ते 'खाऊन-पिऊन सुखी' दिसतात.

शिवाय ताकद स्नायूंच्या आकारापेक्षा वेगाने उतरते. सत्तरीतल्या लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवलेल्या अमेरिकन अभ्यासात पायांची ताकद दर वर्षी सुमारे ३ टक्क्यांनी घटत होती, आणि हा वेग स्नायूंच्या आकारमानातल्या घटीच्या दोन ते तीनपट होता. स्नायू शाबूत दिसतो, पण त्याच्यात चरबी शिरलेली असते आणि त्याला मिळणारा हुकूम क्षीण झालेला असतो.

आपल्या लोकांमध्ये मुळातच स्नायू कमी असतात हे खरं का?

बऱ्याच अंशी हो, आणि हे दाखवणारं काम पुण्यातलं आहे याचा मला अभिमान वाटतो.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे सारख्याच बांध्यात एकाकडे स्नायू जास्त, दुसऱ्याकडे चरबी.

हा फरक कुठून येतो? पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९० च्या दशकात गरोदर बायकांच्या आहाराचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास झाला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. बाळं सगळीकडूनच सारखी लहान असती तर एक वेळ ठीक. पण स्नायू आणि पोटातले अवयव जास्त लहान होते, आणि कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. बारीक दिसणारं, तरी आतून चरबी असलेलं बाळ. या गोष्टीची चर्चा मधुमेहाच्या अंगाने खूप झाली. मला ती म्हातारपणाच्या अंगानेही तितकीच महत्त्वाची वाटते.

त्याचं कारण इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमध्ये सापडतं. तिथल्या आरोग्यसेविकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बाळांची जन्मवजनं वह्यांमध्ये लिहून ठेवली होती. त्या वह्या जपल्या गेल्या. पुढे त्याच बाळांना साठीत गाठून त्यांच्या हाताची पकड मोजली, तेव्हा जन्माच्या वेळी ज्यांचं वजन कमी होतं त्यांची पकड साठीतही कमी निघाली. मोठेपणीची उंची-वजन हिशोबात धरूनही हा संबंध टिकला.

स्नायूंची पुंजी आईच्या पोटात असल्यापासून जमा व्हायला लागते, विशी-तिशीत शिगोशीग होते, आणि पुढे त्यातूनच खर्च चालतो. आपल्याकडे बऱ्याच जणांची सुरुवातच कमी शिलकीवर झालेली असते. म्हणून साठीची वाट न बघता चाळिशीतच स्नायूंकडे लक्ष द्या असं मी म्हणते.

घरच्या घरी कसं ओळखायचं?

आधी नुसतं बघा. आई खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकते का? न्हाणीघरात बादलीचा काठ किंवा नळ धरून उठते का? बरणीचं झाकण हल्ली सुनेकडून उघडून घेते का? पूर्वी एका दमात चढायची तो जिना आता कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून चढते का? माणूस स्वतः तक्रार करत नाही, तो सवय बदलतो. कित्येक घरांत आजीने देवळात जाणं 'आता घरीच देव आहेत' म्हणून सोडलेलं असतं, आणि खरं कारण देवळाच्या पायऱ्या असतात.

डॉक्टर पाच प्रश्न विचारतात, ते तुम्हीही विचारू शकता. साडेचार किलो वजन, म्हणजे पिठाची पाच किलोची पिशवी धरा, उचलून न्यायला कितपत जड जातं? खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला? खुर्चीतून किंवा पलंगावरून उठायला? दहा पायऱ्या चढायला? आणि गेल्या वर्षात किती वेळा पडलात? पहिल्या चारांसाठी सहज जमतं तर शून्य, थोडं जड जातं तर एक, फार जड जातं किंवा जमतच नाही तर दोन गुण. पडण्यासाठी एकदाही नाही तर शून्य, एक ते तीनदा तर एक, चार किंवा जास्त वेळा तर दोन. बेरीज चार किंवा जास्त आली तर तपासणी करून घ्यावी.

पोटरीची परीक्षा त्याहून सोपी. शिवणकामाची टेप घ्या आणि पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. आशियातल्या तज्ज्ञगटाने २०१९ साली ठरवलेल्या निकषांनुसार पुरुषांची पोटरी ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि बायकांची ३३ पेक्षा कमी भरली तर शंका घ्यावी. टेप नसेल तर जपानमधल्या काशिवा शहरातल्या संशोधकांनी वापरलेली युक्ती करा : दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून कडं करायचं आणि ते स्वतःच्या पोटरीभोवती धरायचं. कडं सैल पडलं, मध्ये फट राहिली, तर धोका जास्त. पायाला सूज असेल तर मात्र ही दोन्ही मापं फसवतात.

आता खुर्ची. हात छातीशी दुमडून पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई निकषांनुसार पायांची कामगिरी कमी आहे. खुर्ची भिंतीला टेकवा आणि शेजारी कुणीतरी उभं राहा.

जमिनीवरून उठता येत नाही, हेही याचंच लक्षण का?

असू शकतं. गुडघे दुखतात म्हणूनही येत नाही, दोन्ही कारणं वेगळी करून बघावी लागतात. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं गेलं. बसण्याचे पाच आणि उठण्याचे पाच गुण, हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक वेळी एक वजा. ज्यांचे गुण फार कमी होते त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. आपल्याकडे पाटावर बसून जेवणं, पूजेला मांडी घालून बसणं हे सगळं आपोआप व्हायचं. डायनिंग टेबल आलं, कमोड आला, आणि दिवसातून आठ-दहा वेळा होणारी ती उठबस कायमची गेली. गुडघ्यांची सोय झाली यात वाद नाही, पण मांड्यांचं रोजचं काम गेलं ते भरून काढलं पाहिजे.

दवाखान्यात काय मोजतात?

मुख्य म्हणजे हाताची पकड. त्यासाठी डायनॅमोमीटर नावाचं मुठीत मावणारं उपकरण असतं. रुग्णाला बसवतात, कोपर काटकोनात, आणि म्हणतात, "दाबा, अजून जोरात, अजून." ओला टॉवेल पिळल्यासारखा जोर लावायचा. काटा वर जातो, थरथरतो आणि थांबतो. दोन-तीन वेळा घेऊन सगळ्यात मोठा आकडा धरतात. आशियाई निकषांनुसार पुरुषांची पकड २८ किलोपेक्षा आणि बायकांची १८ किलोपेक्षा कमी असेल तर ती दुर्बल मानली जाते. त्याबरोबर सहा मीटर चालण्याचा वेग बघतात. सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी म्हणजे मंद. आणि शेवटी, सोय असेल तिथे, डेक्सा स्कॅनवर, म्हणजे क्ष-किरणांनी हाडं, चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजणाऱ्या तपासणीत, हातापायांतल्या स्नायूंचं प्रमाण.

पायांच्या आजारासाठी हात का दाबायला लावता, असं एका आजोबांनी मला चिडून विचारलं होतं. हाताची पकड साऱ्या अंगाच्या ताकदीचा बऱ्यापैकी अंदाज देते, म्हणून. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० लोकांच्या एका अभ्यासात, जो २०१५ साली प्रसिद्ध झाला, पकड ५ किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा पकडीवरून हा अंदाज जास्त चांगला बांधता आला. नुसती मूठ आवळण्याचा सराव करून आयुष्य वाढतं असा अर्थ मात्र यातून काढू नका.

आपल्या देशातही ही मोजणी मोठ्या प्रमाणावर झाली आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांसोबत २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांपुढच्या ७२,००० हून अधिक भारतीयांची पाहणी केली, आणि त्यात घरी जाऊन पकड मोजली. रक्तदाब मोजतो तशी पकडही प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजली जावी असं मला मनापासून वाटतं. उपकरण स्वस्त आहे आणि दोन मिनिटं पुरतात.

वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळे आकडे का सांगतात?

कारण तज्ज्ञांमध्ये बराच काळ एकमत नव्हतं. युरोपीय गटाने २०१० साली स्नायूंच्या प्रमाणाला मुख्य मानलं, आणि दुसऱ्या आवृत्तीत ताकदीला पहिलं स्थान दिलं. त्यांची पकडीची मर्यादा पुरुषांसाठी २७ आणि बायकांसाठी १६ किलो आहे. २०२० साली अमेरिकेतल्या एका गटाने तर डेक्सावरचं स्नायूंचं मापच व्याख्येतून वगळलं, कारण त्यावरून पुढच्या पडण्याचा किंवा परावलंबनाचा अंदाज नीट येत नव्हता. २०२४ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून स्नायूंचं प्रमाण, ताकद, आणि स्नायूंच्या प्रमाणात असलेली ताकद या तीन गोष्टी व्याख्येत असाव्यात असं ठरवलं. तुमच्या घरच्या माणसासाठी एक-दोन किलोंच्या या फरकाला महत्त्व नाही. दर सहा महिन्यांनी आकडा कुठे चालला आहे ते बघा.

मी रोज पाच किलोमीटर चालतो. तेवढं पुरे ना?

हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी चालणं उत्तम, ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर चालताना स्नायूंवर जो भार पडतो त्याची त्यांना वर्षानुवर्षं सवय झालेली असते. ताकद वाढायची तर सवयीपेक्षा जास्त भार पडावा लागतो, आणि तो हळूहळू चढवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ६५ च्या पुढच्या लोकांना चालण्यासारख्या व्यायामाशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा आणि किमान तीन दिवस तोल व ताकद यांचा एकत्र व्यायाम सांगितला आहे. योगासनं करत असाल तर तोलाचं काम बरंचसं होतं. भार चढवत नेण्याची सोय आसनांमध्ये कमी, तेवढी वेगळी करावी.

आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसाला व्यायामाची काय गरज?

राबणं सुरू आहे तोवर कमी. पण बहुतेक जण मुलांच्या हाती शेत सोपवून ओट्यावर बसतात, आणि स्नायू जुन्या मेहनतीचं देणं लागत नाहीत.

आई ८६ वर्षांची आहे. आता व्यायामाने काय होणार?

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात आवडतं.

१९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमवजा रुग्णालयात डॉ. मारिया फियाटारोन यांनी दहा जणांना घेऊन एक प्रयोग केला. वय सरासरी ९०. बहुतेकांना दोन-चार आजार. त्यांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला, तोही नावापुरता हलका नव्हे. एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या सुमारे ८० टक्के वजन होतं. त्या काळी अनेकांना हे अविचारी वाटलं असतं. आठ आठवड्यांनी पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. मांडीच्या स्नायूंचं क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी वाढलं. दोघांनी काठी सोडली.

दहा माणसांवरून निष्कर्ष काढू नयेत हे खरं. म्हणून त्यांनी पुढे १०० जणांना घेऊन मोठा प्रयोग केला, तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७, मुदत दहा आठवडे. व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग सुधारला, जिना चढायची ताकद वाढली. याच प्रयोगात काहींना व्यायामाशिवाय नुसतं पोषक पेय दिलं होतं. त्याने काही फरक पडला नाही. टॉनिकच्या बाटल्या आणणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ही गोष्ट सांगते.

त्यानंतरचे अभ्यास आणखी मोठे आहेत. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांवर सरासरी अडीच वर्षांहून जास्त काळ चाललेल्या प्रयोगात, बैठं आयुष्य जगणाऱ्यांना चालणं, ताकद आणि तोल यांचा व्यायाम दिला. ४०० मीटर चालता न येण्याची वेळ व्यायाम गटात ३०.१ टक्के लोकांवर आली, नुसती आरोग्यविषयक माहिती दिलेल्या गटात ३५.५ टक्क्यांवर. फरक डोळे दिपवणारा नाही, हे मी लपवत नाही. पण बाजारापर्यंत स्वतःच्या पायांनी जाता येणं न येणं एवढा तो फरक आहे, आणि तो गोळीने मिळत नाही.

नेमकं काय करायचं?

खुर्चीतून उठबस हा राजा. हात न टेकता जमत नसेल तर सुरुवातीला उशी ठेवून बैठक उंच करा, मग उशी काढा, मग छातीशी एक लिटर पाण्याची बाटली धरा. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचला. भिंतीला हात टेकून उभ्याने जोर काढा. रबरी पट्टा मिळाला तर पाठीसाठी आणि खांद्यांसाठी तो ओढा. आठ ते बारा वेळा, थोडा दम खाऊन पुन्हा एकदा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून.

खरी खूण अशी : शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेलं पाहिजे. गप्पा मारत वीस वेळा होत असेल तर भार वाढवा. माझ्या अनुभवात लोक इथेच चुकतात. अर्धा किलोचं डंबेल आणतात आणि वर्षभर तेच हलवत बसतात.

श्वास कोंडू नका, उठताना सोडा. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा नुकतंच हाड मोडलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. नंतर स्नायू दोन दिवस दुखले तर चालेल, सांधा दुखला तर चालणार नाही.

आजारपणात तरी विश्रांती हवीच ना?

हवी, पण अंथरुणाला खिळून नव्हे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या बारा निरोगी लोकांना दहा दिवस पलंगावर ठेवलं. दहा दिवसांत पायांमधला सुमारे एक किलो स्नायू गेला आणि ताकद १५ टक्क्यांच्या आसपास उतरली. हे निरोगी लोक होते. ताप, दाह आणि तोंडाची गेलेली चव यांची भर पडली की काय होत असेल?

माझ्या मावशीला डेंग्यू झाला होता. आठ दिवस रुग्णालयात होती. सगळ्यांनी तिला प्रेमाने पलंगावर ठेवलं, चहाचा कपसुद्धा हातात दिला. घरी आणलं तेव्हा प्लेटलेट्स छान होत्या आणि ती पलंगाच्या कडेवर बसून पाय जमिनीला लावून उठायचा प्रयत्न करत होती. मांड्या थरथरत होत्या. तिसऱ्या प्रयत्नाला ती परत बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, हे पाय माझे नाहीत." पुन्हा बाजारात जायला तिला चार महिने लागले. डॉक्टरांची परवानगी असेल तर पहिल्या दिवसापासून माणसाला पलंगाच्या कडेला बसवा, जेवायला खुर्चीत आणा, संडासाला धरून न्या. पडल्या पडल्या पाय दुमडणं-सरळ करणं तरी करून घ्या.

प्रथिनं किती हवीत? आम्ही शाकाहारी आहोत.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम सांगितली. ज्येष्ठांच्या पोषणावर काम करणारे युरोपीय तज्ज्ञगट १ ते १.२ ग्रॅम सांगतात, आजारपणात १.२ ते १.५. कारण मघाचंच : म्हातारा स्नायू प्रथिनांना सहज दाद देत नाही, त्याला एका वेळी मोठा हप्ता लागतो. म्हणून प्रत्येक जेवणात साधारण २५ ते ३० ग्रॅम असावीत असं सुचवतात.

साठ किलोच्या आजीला म्हणजे दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. आता तिचं ताट बघा. सकाळी चहा, बिस्किटं, थोडे पोहे : सहा-सात ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ वरण, थोडा भात : सोळा-सतरा. रात्री 'जड नको' म्हणून दूधभात : आठ. बेरीज तीस-पस्तिसाच्या पुढे जात नाही. वरण पातळ असेल तर वाटीत डाळ जेमतेम मुठीएवढी असते, हे सगळ्या घरांत विसरलं जातं.

भर कशी घालायची? पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ बारा ग्रॅमच्या आसपास देते. मूठभर शेंगदाणे सात. पेलाभर दूध साडेसहा. शंभर ग्रॅम पनीर अठराच्या पुढेमागे. तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या पंधरा. दोन अंडी चालत असतील तर बारा, आणि कोकणात बांगड्याचा तुकडा ताटात असेल तर प्रश्नच मिटला. दात नसतील तर मऊ शिजवलेली मुगाची उसळ, घट्ट वरण, पिठलं, दही. न्याहारीकडे आधी लक्ष द्या, तिथे सगळ्यात मोठा खड्डा असतो.

आणि उपवास. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. श्रद्धेला मी हात लावत नाही. फक्त त्या दिवशी दाण्याची आमटी, दूध, दही, पनीर आवर्जून ठेवा, आणि संकष्टी, एकादशी, सोमवार असे आठवड्यात दोन-तीन उपवास होत असतील तर घरात बसून एकदा बोला.

किडनीचा त्रास असेल तर?

प्रथिनं मनाने वाढवू नका. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललं आहे ते सांगणारा घटक) वाढलेलं असेल तर आधी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ.

प्रोटीन पावडर, डिंकाचे लाडू?

जेवणातून भागत नसेल तर पावडर चालते, अन्न म्हणून, औषध म्हणून नव्हे. डिंकाचे लाडू चवीसाठी आणि उष्मांकांसाठी खा. त्यातला खारीक-खोबऱ्याचा आणि तुपाचा भाग स्नायू बांधत नाही.

आठवड्याची डी जीवनसत्त्वाची पुडी घेते. ताकद वाढेल ना?

रक्तात डी खरोखर कमी असेल तर डॉक्टर सांगतील तितके आठवडे घ्या. कमतरतेमुळे मांड्या आणि खांदे दुबळे होतात, आणि ते भरून निघतं. पण ताकदीसाठी म्हणून वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घेऊ नका. झ्युरिकमध्ये आधी पडलेल्या, सत्तरीपुढच्या २०० लोकांवर वर्षभर प्रयोग झाला. महिन्याला ६०,००० एककं घेणाऱ्यांपैकी ६७ टक्के लोक त्या वर्षात पडले, २४,००० घेणाऱ्यांपैकी ४८ टक्के. पायांची कामगिरी जास्त मात्रेने सुधारली नाही. आपल्याकडच्या पुडीतही ६०,०००च एककं असतात, आणि ती अनेक जण दर आठवड्याला घेतात.

यावर औषध निघालं आहे का?

खास सार्कोपेनियासाठी मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. आशा लावणारे शोध लागले. १९९७ साली अमेरिकेत मायोस्टॅटिन हे स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन सापडलं. ज्या बेल्जियन गाईबैलांमध्ये ते निकामी असतं त्यांचे स्नायू प्रचंड वाढतात. हा लगाम सैल करणाऱ्या एका औषधाने ज्येष्ठांचे स्नायू वाढलेही, पण चालण्या-उठण्यात पुरेसा जास्त फायदा दिसला नाही. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचाही चालण्यावरचा परिणाम किरकोळच निघाला. स्नायू फुगवणं जमलं, त्यातून काम करून घेणं औषधाला अजून जमलेलं नाही.

हा अशक्तपणा साधा नाही, हे कधी समजावं?

एकाच बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात असू शकतो. क्षणही न घालवता रुग्णालय गाठा. काही आठवड्यांत भराभर ताकद उतरली, कारण नसताना वजन घटलं, गिळायला त्रास होऊ लागला, तर थांबू नका. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या यांनीही स्नायू दुबळे होतात, आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. गोळी मनाने बंद मात्र करू नका.

सुरू केल्यावर किती दिवसांत फरक पडतो? मग थांबवलं तर चालेल?

पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढलेली जाणवते. तो फायदा मुख्यतः नसांचा असतो. हुकूम नीट पोचायला लागतात. स्नायू भरायला दोन-तीन महिने लागतात.

थांबवलं तर चालत नाही. बोस्टनच्या त्या नव्वदीतल्या मंडळींनी व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत कमावलेल्या ताकदीतला मोठा भाग गमावला, ३२ टक्क्यांची घट झाली. मावशीने यावर तिच्यापुरता तोडगा काढला आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती जिथे दुधाचे खाडे लिहिते तिथेच, निळ्या पेनाने, व्यायाम चुकला त्या दिवसाचा खाडा लिहिते. मागच्या महिन्यात दुधाचे तीन खाडे होते, व्यायामाचा एक.